जर्मनीत बाळ वाढवताना ऐकायचं कुणाचं, सासूबाईंचं की डॉक्टरांचं?

प्रश्न: आम्ही जर्मनीत राहतो, मुलगी सात महिन्यांची आहे. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांना गुटी, काजळ, धुरी सगळं करायचं आहे. इथले डॉक्टर मात्र ताप आला तरी ‘पाणी पाजा, वाट बघा’ एवढंच सांगतात. नवरा कधी आईच्या बाजूनं बोलतो, कधी डॉक्टरांच्या. मी कुणाचं ऐकू?

उत्तर:

मी स्टुटगार्टजवळ राहते. दोन्ही मुलं इथेच झाली आणि दोन्ही बाळंतपणांना सांगलीहून सासूबाई आल्या होत्या, त्यामुळे तुमची ओढाताण मला नीट कळते. माझं म्हणणं असं, की माणूस निवडू नका आणि देशही निवडू नका. समोर जी गोष्ट आहे तिच्याबद्दल एवढंच विचारा: ही बाळाच्या पोटात, डोळ्यांत, नाकात किंवा छातीत जाते का? हिच्यामुळे बाळाचा श्वास अडकू शकतो का? उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायची नाही, मग ती आजीनं सांगितलेली असो की शेजारच्या जर्मन काकूंनी. उत्तर ‘नाही’ असेल तर आजीला मनसोक्त करू द्या.

गुटीपासून सुरुवात करते, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त ताणलं गेलं ते तिच्यावरून. सासूबाईंनी सहाण टॉवेलात गुंडाळून आणली होती. डब्यात हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, अतिविष, खारीक, बदाम. कशाचे किती वळसे द्यायचे ते तोंडपाठ. त्यांच्या मायेबद्दल मला कधीच शंका नव्हती, प्रश्न मापाचा होता. वळसा जोरात दिला की जास्त उगाळलं जातं, आणि सहा-सात किलोच्या जिवाला तेवढा फरक पुष्कळ असतो. जायफळानं बाळ शांत झोपतं म्हणून ते घालतात. तेच जास्त झालं तर गुंगी येते, विषबाधाही होऊ शकते. आपल्याकडच्या वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं आणि ते खाद्यपदार्थांत मिसळायला युरोपात बंदी आहे. सहाण कितीही घासून धुतली तरी निर्जंतुक होत नाही. त्यात पुष्कळ घरांत गुटी मधातून चाटवतात. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटभरही नको. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तान्ह्या आतड्यात ते रुजतात, विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. मोठ्यांना त्याच मधानं काही होत नाही, म्हणून घरच्यांना हे पटवणं जड जातं.

‘याला मीच गुटी दिलीये, काय झालं याला?’ हे माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून मला ऐकवलं गेलं. तुम्हीही ऐकलं असेल. मी वाद घातला नाही. पुढे एकदा रात्री बाळाला घेऊन बसलेलो असताना त्यांनीच सांगितलं, की त्यांच्या पाठची एक बहीण सव्वा महिन्याची होऊन गेली. कशानं, ते कुणालाच कळलं नाही. त्या पिढीनं घरातले पाळणे रिकामे झालेले पाहिले आहेत. बाळ जगावं म्हणून हाताशी जे होतं ते त्यांच्या आयांनी केलं, आणि तेच पुढे शिकवलं. म्हणून एक कळकळीची विनंती, सासूबाईंशी बोलताना ‘अंधश्रद्धा’, ‘अडाणीपणा’ असले शब्द चुकूनही काढू नका. त्यांना बाळाची काळजी आहे, आणि तुम्हालाही तीच आहे.

आमचा गुटीचा तिढा सुटला तो सांगलीच्याच एका बालरोगतज्ज्ञांमुळे. माझ्या पुतण्याला तेच बघतात. व्हिडिओ कॉल लावून दिला आणि मी खोलीबाहेर गेले. त्यांनी सासूबाईंना मराठीत, आदरानं, तेच सांगितलं जे इथल्या डॉक्टरांनी मला जर्मनमध्ये सांगितलं होतं: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, गुटी नको, ग्राइप वॉटर नको, मध नको, काजळ नको, आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षात ड जीवनसत्त्वाची रोज ४०० एककं सांगते, जर्मनीत ४०० ते ५०० सांगतात. म्हणजे हे भांडण भारत विरुद्ध जर्मनी असं नव्हतंच. तुमच्या सासूबाईंचा ज्यांच्यावर विश्वास आहे असे गावाकडचे डॉक्टर शोधा आणि त्यांनाच बोलू द्या. सुनेनं सांगितलेलं खटकतं, तेच डॉक्टरांनी सांगितलेलं पचतं.

काजळाचं थोडक्यात सांगते. विकतच्या काजळा-सुरम्यात शिसं सापडतं, आणि शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ असलं तरी डोळ्यात बोट जातंच, आणि जंतुसंसर्ग होतो. दृष्ट काढायची असेल तर मीठ-मोहरी ओवाळून टाकू द्या, त्यानं बाळाला काही होत नाही. मिरच्या मात्र जाळायच्या नाहीत. धुरीलाही नाही म्हणा. इथे घरांत स्मोक अलार्म सक्तीचे आहेत आणि तो वाजला की अख्खी इमारत जागी होते, पण खरं कारण ते नव्हे. वावडिंग असो, ओवा असो की ऊद, धूर हा धूरच, आणि तो इवल्या फुफ्फुसांत जातो.

आणि शेगडी! सासूबाईंनी शेक द्यायला कोळशाची शेगडी हवी म्हटलं तर तिथे अजिबात मऊ पडू नका. सांगलीच्या कौलारू घरात फटींतून हवा खेळते. इथली घरं थंडीसाठी गच्च बंद केलेली असतात. पेटलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत झोपेतच माणसं दगावतात. शेकाला गरम पाण्याची पिशवी पुरे, तीही बाळापासून लांब.

आता दुसरी बाजू. इथे राहिल्यावर ध्यानात येतं, की आज्या जर्मनांनाही आहेत. कान दुखला की चिरलेल्या कांद्याची पुरचुंडी कानावर बांधतात. ताप आला की आपण कपाळावर घड्या ठेवतो, हे पोटऱ्यांना ओला कपडा गुंडाळतात. ‘झुग’ लागेल म्हणून, म्हणजे दारा-खिडक्यांमधून येणारा वारा बाधेल म्हणून, मानेला रुमाल बांधतात. सासूबाईंना हे ऐकून इतका आनंद झाला, की त्यांनी शेजारच्या काकूंना लगेच चहाला बोलावलं. औषधाच्या दुकानात होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या मिळतात. हानेमान याच देशातले, माइसेनचे. पण कसोटी इथेही तीच लावायची. दात येताना बाळाच्या गळ्यात अंबरच्या, म्हणजे झाडाच्या गोठलेल्या जुन्या राळेच्या, मण्यांची माळ घालायची इथे पद्धत आहे. ती अडकून गळफास बसू शकतो, मणी तुटून घशात जाऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये त्याबद्दल इशाराही दिला होता. आमच्या हेबामेनं, म्हणजे घरी येणाऱ्या सुईणीनं, ती माळ नको म्हटलं, तेव्हा गळ्यातला काळा दोराही त्याच कारणानं निघाला आणि सासूबाईंनी काही कुरकुर केली नाही. नियम दोन्हीकडे सारखा लावलात तर तो माणसं मानतात. पोट दुखलं की बडीशेपेचा चहा पाजा असं कुणी जर्मन मैत्रीण सांगेल. युरोपीय औषध संस्था चार वर्षांखालच्या मुलांना तो सुचवत नाही.

मालिशीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तिथे आजीचं राज्य असायला हवं. इथे बाळंतपणानंतरचे बारा आठवडे हेबामे घरी येते, खर्च विमा देतो. आमची हेबामे आली तेव्हा सासूबाई पाय पसरून बसलेल्या, बाळ पायांवर पालथं, कोमट तिळाचं तेल, आणि अंगठे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी खालून वर जातायत. हेबामे जमिनीवर मांडी घालून बसली आणि बघतच राहिली. युरोपात बाळाची मालीश लोकप्रिय झाली ती भारतातून: फ्रेडरिक लबॉयर या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञानं कोलकात्यात एका आईला मालीश करताना पाहिलं आणि १९७० च्या दशकात ती युरोपाला दाखवली. आता इथल्या आया पैसे भरून तिचे वर्ग करतात. हे सासूबाईंना सांगा, त्यांना बरं वाटेल. फक्त चार गोष्टी सांभाळा. नाकात-कानात तेल सोडायचं नाही, कारण ते फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. नाक चिमटून सरळ करायचं नाही. नवजात बाळाच्या छातीतलं दूध पिळून काढायचं नाही, त्यानं गळू होतं. आणि दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर किंवा मेंथॉलचा बाम लावायचा नाही, त्यानं श्वासनलिका आकसू शकते. बाकी टाळूवर तेल, डाळीचं पीठ आणि साय, अंगाई, सगळं चालू द्या.

झोपेच्या बाबतीत मी पूर्ण इथल्यांच्या बाजूची आहे. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी, वर दुपटं आणि टोपडं हे आपल्याकडे प्रेमानं करतात. इथे बाळ उताणं, गादी कडक, उशी नाही, पांघरूण नाही, अंगात झोपायची पिशवी, डोकं उघडं आणि खोली १८ अंशांच्या आसपास. बाळ डोक्यातून उष्णता बाहेर टाकतं. टोपडं घातलं की अंग तापतं. बाळांना उताणं झोपवायला लागल्यापासून पाळण्यातले अचानक मृत्यू फार कमी झाले आहेत. टोपडं बाहेर जाताना घाला, हौस तिथे भागते.

आता ताप. ‘वाट बघा’ ऐकून जीव खालीवर होतो, खरंय. पण बाळांचे बहुतेक ताप विषाणूंमुळे येतात आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. किटात, म्हणजे पाळणाघरात, जायला लागली की वर्षात आठ-दहा वेळा सर्दी-तापाचं दुखणं आलं तरी डॉक्टर ते नेहमीचंच म्हणतील. वाट बघायची म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नव्हे: ती पिते का, डायपर ओले होतात का, नजरेला नजर देते का, हे बघायचं. पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबानंच. इथे ते बहुधा गुदद्वारातून द्यायच्या बत्तीच्या रूपात देतात, सासूबाईंना आधी सांगून ठेवा. भारतातून आणलेलं अँटिबायोटिक स्वतःच्या मनानं देऊ नका. आणि कधी थांबायचं नाही तेही पाठ करा: तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश ताप, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, बाळ सुस्त पडणं, दूध-पाणी न घेणं, काचेचा पेला दाबला तरी न पुसट होणारे लाल-जांभळे ठिपके. तेव्हा ११२ या तातडीच्या नंबरवर फोन करा. दवाखाना बंद असताना साधी अडचण असेल तर ११६११७.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आणखी एक. आपल्या पुष्कळ बाळांच्या पाठीवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर डाग असतात, ते पुढे आपोआप जातात. इथे ज्यांनी ते कधी पाहिले नाहीत त्यांना ते माराचे वळ वाटू शकतात. पुढच्या यू-तपासणीला, म्हणजे बाळाच्या ठरलेल्या वेळच्या तपासणीला, डॉक्टरांना सांगून तिच्या पिवळ्या वहीत त्याची नोंद करून घ्या आणि किटात पहिल्याच दिवशी दाखवा. परक्या देशात आईबापांवर संशय येणं काय असतं, त्याची भीती आपल्या सगळ्यांच्या मनात असते. एका ओळीच्या नोंदीनं ती टळते.

नवऱ्याबद्दल स्पष्ट सांगते. त्याच्या आईशी त्यानंच बोलायचं. कधी इकडून, कधी तिकडून बोलला की दोघींना वाटतं तो आपल्यामागून काही वेगळं सांगतो. पुढच्या तपासणीला त्याला आणि सासूबाईंना दोघांनाही घेऊन जा. सासूबाईंना त्यांचे प्रश्न मराठीत विचारू द्या, त्यानं ते डॉक्टरांना जसेच्या तसे सांगायचे आणि उत्तरही काही न गाळता परत सांगायचं. आमच्या सासूबाईंनी विचारलं होतं, ‘सर्दीत केळं द्यायचं का?’ डॉक्टर हसले नाहीत, ‘खात असेल तर द्या’ म्हणाले, आणि त्या घरी आल्या त्या त्यांचं कौतुक करतच.

भारतात जाणार असाल तर दोन-तीन महिने आधी डॉक्टरांशी बोला. जर्मनीत बीसीजी १९९८ पासून देत नाहीत. गावाकडे दंडावर व्रण नाही म्हणून विचारतील, तेव्हा घाबरू नका, पण किती दिवस आणि कुठे राहणार ते डॉक्टरांना सांगून लसीबद्दल त्यांचं मत घ्या. गोवराची लस इथे अकराव्या महिन्यात देतात, प्रवास असेल किंवा किटा लवकर सुरू होणार असेल तर नवव्यापासूनही देता येते. किटात प्रवेशाला गोवर लसीचा पुरावा २०२० पासून कायद्यानंच लागतो, तेव्हा लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तिकेचा फोटो काढून तो स्वतःच्या आणि सासूबाईंच्या, दोघींच्या फोनमध्ये ठेवा.