घाम, माठ आणि सदतीस अंश

प्रश्न : मी मूळची चंद्रपूरची. तिकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तरी सावलीत बसले की निभते. मुंबईत मात्र ३४ अंशांतच जीव कासावीस होतो. असे का, आणि बाहेर एवढा चढउतार असताना शरीर ३७ अंशांच्या आसपास कसे राहते?

उत्तर : मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग रक्ताचे तापमान सतत जोखत असतो. ते किंचित वाढले, की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर सोडली जाते. परंतु त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून तापली की उष्णता उलट शरीरातच शिरू लागते आणि मग घामाखेरीज दुसरा आधार उरत नाही.

आपल्या घरचा माठ आठवा. त्यातून पाझरलेले पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. घामाचेही तसेच आहे : एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. चंद्रपूरच्या कोरड्या हवेत तो पाहता पाहता वाळतो. मुंबईच्या हवेत आधीच बाष्प भरलेले असल्यामुळे तो पाठीवरून नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम पाणी व मीठ नेतो, गारवा मात्र देत नाही. मुंबईत माठातले पाणी तितकेसे गार होत नाही, तेही याच कारणाने.

घामाने रक्तातील क्षारांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांनी जरी वाढले, तरी हायपोथॅलॅमसला ते कळते. तहान लागते आणि व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावते. लघवी गडद पिवळी होते ती त्यामुळेच. वृद्धांची तहानेची जाणीव मंदावलेली असते, म्हणून त्यांनी मागण्याची वाट न पाहता पाणी हातात द्यावे, हे मी आग्रहाने सांगेन. तासन् तास घाम गाळणाऱ्याने नुसते पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घसरू शकते. मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबतही सोबत हवे.

सुट्टीत माहेरी जाल तेव्हा पहिले काही दिवस उन्हातली कामे टाळा. उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे त्यातले मीठ कमी होते.

उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा बेशुद्ध पडले आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. तापात हायपोथॅलॅमस स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो व पॅरासिटामॉल ती खाली आणते. उष्माघातात ही पातळी बदललेलीच नसते, शरीराची ताकद संपलेली असते, म्हणून ती गोळी निरुपयोगी ठरते. अशा माणसाला सावलीत घ्यावे, कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी दवाखान्यात नेण्याची व्यवस्था करावी. तो शुद्धीवर नसेल, तर तोंडात पाणी अजिबात घालू नये.