दुसऱ्या देशांतल्या रोगराईवर सरकारांनी करदात्यांचा पैसा का घालवावा?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी दोन ओळी लिहिल्या आहेत: 'आधी घरचं बघावं, मग जगाचं. आणि आपल्यासारख्यांनी सरकारकडे ओरडून होतं काय?' यातली पहिली ओळ मी न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाकडून इतक्यांदा ऐकली आहे, की हा प्रश्न त्यानेच नाव लपवून विचारला की काय, असं क्षणभर वाटलं.

२०१३ च्या दिवाळीनंतर मला खोकला लागला. डोंबिवलीत खोकला कुणाला नसतो! डॉक्टरांनी आधी सिरप दिलं, मग अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा. डिसेंबरात घरात लग्न होतं, म्हणून दादा (हाच तो मावसभाऊ) बायको-मुलीला घेऊन आला आणि पाच आठवडे आमच्याकडेच उतरला. भाची सहा वर्षांची. रात्री माझ्या कुशीत झोपायची, कारण राक्षसाचा आवाज काढून गोष्ट सांगणारी मी एकटीच. राक्षस मधेमधे खोकायचा, तेही तिला गोष्टीतलंच वाटायचं.

ते परत गेले आणि जानेवारीत बेडक्यात रक्त दिसलं. साधी थुंकी तपासणी निगेटिव्ह आली. एका तरुण डॉक्टरणीने हट्टाने सीबीनॅट ही यंत्रावरची तपासणी करायला लावली आणि निकाल आला: क्षय, तोही रिफाम्पिसिन रेझिस्टंट. म्हणजे नेहमीच्या गोळ्या लागू पडणार नव्हत्या. ज्या यंत्राने ते दोन तासांत सांगितलं, त्याच्या संशोधनात अमेरिकन सरकारचा पैसा होता. त्याची तपासणीची काडतुसं (कार्ट्रिज) गरीब देशांना परवडावीत म्हणून २०१२ मध्ये किंमत सतरा डॉलरच्या आसपासहून दहाच्या आत आणली गेली, तीही अमेरिकन सरकार, गेट्स फाउंडेशन आणि युनिटएड (गरीब देशांसाठी औषधं-तपासण्या स्वस्त करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) यांनी मिळून पैसे भरले म्हणून. युनिटएडकडे हा पैसा यायचा कुठून? बराचसा फ्रान्समधून. तिथे २००६ मध्ये विमानाच्या तिकिटावर यासाठी छोटासा कर लावला. पॅरिसहून कुणी सुट्टीला निघालं, त्याच्या तिकिटातले काही सेंट माझ्या बेडक्याच्या तपासणीत आले असतील. मला यात लाजण्यासारखं काही वाटत नाही.

पुढची दोन वर्षं गोळ्या, आणि पहिले सहा महिने रोज कनामायसिनचं इंजेक्शन. एक दिवस डाव्या कुल्ल्यावर, एक दिवस उजव्या, रविवारी सुट्टी. महिनाभरात दोन्हीकडे गाठी. शिकवण्या मी उभ्यानेच घ्यायचे. चौथ्या महिन्यात कानात रातकिडे ओरडायला लागले. मग एका दुपारी मी डाळीचा कुकर लावून ओट्याशी शिट्टीची वाट बघत होते, तर सासूबाई आतून धावत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. सात झाल्या होत्या. मी एकही ऐकली नव्हती. कुकर हाताच्या अंतरावर होता.

केंद्रावर सांगितलं तर उत्तर मिळालं, "ताई, जीव हवा की कान?" हे इंजेक्शन सुरू करण्याआधी कानांची तपासणी करून ठेवायची असते, हे मला फार नंतर कळलं. आज डावा कान गेलेला आहे, उजव्यात मशीन आहे.

आता तुम्ही म्हणाल, याचा सरकारी पैशाशी काय संबंध? सगळा संबंध तिथेच आहे. कनामायसिन जपानमध्ये १९५७ साली सापडलेलं औषध. ते कान घालवतं, हे डॉक्टरांना माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे. तरी २०१४ मध्ये मला तेच टोचलं, कारण रिफाम्पिसिननंतर चाळीस वर्षं क्षयावर नव्या जातीचं औषध बाजारात आलंच नाही. क्षय होतो तो चाळीतल्या माणसाला. त्याच्या खिशाकडे बघून कोणती कंपनी संशोधन करेल? तिथे सरकारांनीच पैसा ओतायला हवा होता, आणि तो ओतला गेला नाही. बेडाक्विलिन या नव्या गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती डिसेंबर २०१२ मध्ये. भारतात २०१६ मध्ये मोजक्या केंद्रांवर ते सुरू झालं, तेही यूएसएड (अमेरिकन सरकारची परदेशी मदतीची संस्था) आणि औषध बनवणाऱ्या कंपनीच्या देणगीतल्या मर्यादित कोर्सवर. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कनामायसिन वापरू नका म्हणून सांगितलं. माझी मशीन तेव्हा दोन वर्षांची झाली होती.

२०१७ च्या मे महिन्यात दादा पुन्हा आला. आमरसाची वाटी पुढ्यात, आणि हसत हसत म्हणाला, "तुमच्या गोळ्यांचे पैसे आमच्या टॅक्समधून जातात बरं का!" मी म्हटलं, दादा, माझ्या गोळ्यांचा बहुतेक खर्च दिल्ली आणि मुंबईनेच केला. (खरंच आहे ते. भारताच्या क्षय कार्यक्रमाचा मोठा भाग आपणच भरतो.) आणि तुझ्या दंडावर देवी काढल्याची जी खूण आहे, ती लस बहुधा सोविएत रशियाने फुकट पाठवलेली. तेव्हा रशियनांनी 'आधी घरचं बघू' म्हटलं असतं तर? देवी १९८० मध्ये जगातून गेली म्हणून जाहीर झालं, आणि तुझ्या मुलीच्या दंडावर खूण नाही. तो म्हणाला, "तो काळ वेगळा होता." त्याचं हे ठरलेलं उत्तर आहे.

रात्री भांडी आवरताना वहिनीने सांगितलं. त्या लग्नानंतर भारतातून परतल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी भाचीची तपासणी करायला लावली, तर रिपोर्ट पॉझिटिव्ह. आजार नव्हता, पण जंतू शरीरात झोपलेला. काही महिने गोळ्या. काउंटीची नर्स घरी यायची, सगळं सरकारी खर्चाने. माझ्याकडूनच गेला असेल असं नाही, लोकलमध्येही मिळू शकतो. मला अपराधी वाटेल म्हणून दादाने आम्हाला सांगितलं नव्हतं. हा त्याचा स्वभाव. आणि तोच माणूस टेबलावर बसून विचारतो की आमचा पैसा तिकडे का?

तर तुमच्या 'का'चं माझं उत्तर: इथे घरचं आणि जगाचं वेगळं काढताच येत नाही. २०२३ मध्ये जगात साडेबारा लाख माणसं क्षयाने गेली, त्यातली चौथ्या हिश्श्याहून जास्त भारतातली. ग्लोबल फंड (एड्स, क्षय आणि मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी) २००२ साली निघाला तेव्हापासून आपण त्यातून भरपूर घेतलं आहे. मग २०२३ ते २५ साठी आपण अडीच कोटी डॉलर देऊ केले होते, तर पोटात दुखायचं कारण नाही. उलट मला ते थोडे वाटतात.

ओरडून काय होतं? नंदिता वेंकटेशन ही मुंबईची मुलगी आणि फुमेझा तिसिले ही दक्षिण आफ्रिकेची. क्षयाच्या उपचारात दोघींची श्रवणशक्ती गेली. बेडाक्विलिनचं पेटंट २०२७ पर्यंत लांबवायचा कंपनीचा अर्ज होता, त्याला दोघींनी २०१९ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. त्याच वर्षी सहा महिन्यांच्या कोर्सची किंमत गरीब देशांसाठी १३० डॉलरवर आली. त्या औषधाच्या चाचण्यांत करदात्यांचा पैसा होता, म्हणून 'हे औषध आमचंही आहे' असं ठणकावून म्हणता आलं. माझ्या मते सरकारी पैशाचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. जुलैत यूएसएडच बंद झालं. क्षयासाठी दुसऱ्या देशांना सगळ्यात जास्त पैसा देणारं सरकार तेच होतं. कुटुंबाच्या ग्रुपवर दादाने टाळ्यांचे तीन हात टाकले. मी मोठा मेसेज लिहिला आणि खोडला. मग भाचीने, ती आता कॉलेजात आहे, खाली एवढंच लिहिलं: "बाबा, माझ्या गोळ्यांचे पैसे किती झाले होते?" त्यावर ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. दुपारी कुणीतरी सुविचार टाकला.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगायला हवं होतं. आज कुणाला एमडीआर, म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा क्षय, निघाला तर माझी गोष्ट वाचून घाबरू नका; आता बहुतेकांना इंजेक्शन लागत नाही, आणि बऱ्याच जणांचा कोर्स सहा महिन्यांतच संपतो. परदेशी मदतीत पैसे खाल्ले जात नाहीत, असंही मी म्हणत नाही. खातात. हिशेब जरूर मागा. पण आधी खासदाराला विचारा, आपल्या जिल्ह्यात क्षयाच्या गोळ्या शेवटच्या कधी संपल्या होत्या.

आणि दादा, हे तूच विचारलं असशील, तर गणपतीत आलास की माझ्या उजव्या बाजूला बस. डावीकडून बोललेलं मला ऐकू येत नाही.