यांत्रिक करवत निवडताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरकामासाठी करवत घेऊ इच्छिणाऱ्यांच्या पत्रांत एकच घोळ पुन्हा पुन्हा आढळतो. काय कापायचे आहे हे ठरण्याआधी यंत्र ठरलेले असते, आणि तेही कुणाच्या तरी सांगण्यावरून. त्यामुळे काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : प्लायवूडचे कपाट स्वतः करायचे आहे. पहिले यंत्र जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याची करवत) घ्यावे की सर्क्युलर सॉ (गोल फिरत्या पात्याची करवत)?

कपाटात लांब, सरळ काप जास्त असतात, म्हणून सर्क्युलर सॉ. 185 मिमी पात्याचे यंत्र सरळ कापात साधारण 65 मिमी आणि 45 अंशांच्या कापात सुमारे 45 मिमी खोल जाते, म्हणजे 18 मिमी प्लायवूडला ते पुरून उरते. जिगसॉचे पाते फक्त वरच्या टोकाला धरलेले असते. जाड लाकडात ते खाली वाकते आणि कापलेली कड काटकोनात राहत नाही. गोलाई किंवा आतला खाच कापायचा असेल तर मात्र जिगसॉला पर्याय नाही. सरळ काप हवा असल्यास हाताच्या भरवशावर राहू नये, एक सरळ पट्टी क्लॅम्पने घट्ट बसवून तिच्या कडेने यंत्र चालवावे. खरेदीपूर्वी एखाद्या जाणत्या सुताराच्या देखरेखीखाली दोन-चार काप घेऊन पाहावेत.

प्रश्न : कापताना लॅमिनेटच्या कडेचे टवके उडतात. यंत्र सदोष आहे का?

बहुधा नाही, दोष पात्याचा असतो. यंत्रासोबत मिळणाऱ्या 24 दात्यांच्या पात्याऐवजी 60 दात्यांचे पाते लावा आणि चांगली बाजू खाली ठेवा, कारण हातातल्या सर्क्युलर सॉचे दाते खालून वर कापत येतात.

प्रश्न : 18 व्होल्टपेक्षा 20 व्होल्टची बॅटरीवरची करवत अधिक ताकदीची असते का?

एकाच प्रकारच्या बॅटरीला दिलेली ही दोन नावे आहेत. आत 3.6 व्होल्टचे पाच सेल जोडलेले असतात, म्हणजे 18 व्होल्ट. पूर्ण चार्ज झाल्यावर, भार नसताना, प्रत्येक सेल सुमारे 4 व्होल्ट दाखवतो आणि तोच मोठा आकडा खोक्यावर छापला जातो. ग्राहकाला असे गोंधळात टाकणे मला गैर वाटते. बॅटरी किती अँपिअर-तासांची आहे, म्हणजे तिची साठवणक्षमता किती, आणि सांगितलेल्या किमतीत बॅटरी व चार्जर येतात की नुसते यंत्र, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

प्रश्न : घरात अँगल ग्राइंडर आहेच. त्याला लाकूड कापायचे दात्यांचे पाते लावले तर वेगळी करवत कशाला? आमच्या ओळखीचे सगळे असेच करतात.

लावू नका. अशा अपघातात टाके पडलेला हात मी जवळून पाहिला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ग्राइंडर घासण्यासाठी आणि अपघर्षक चकतीने धातू वा फरशी कापण्यासाठी बनवलेला असतो. 100 मिमी चकतीचा ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेऱ्या घेतो, तर 185 मिमीची सर्क्युलर सॉ साधारण 5,000 ते 6,000. परंतु धोका केवळ वेगाचा नाही. अपघर्षक चकती घासत जाते, दाता मात्र लाकडात रुततो. मध्येच गाठ लागली किंवा काप मिटून पाते आवळले गेले की पाते अडते आणि सगळे यंत्र अंगावर उसळते. सर्क्युलर सॉची रुंद तळपट्टी लाकडावर टेकून यंत्राला एका पातळीत धरते, खालचा गार्ड, म्हणजे पात्यावरचे संरक्षक आवरण, स्प्रिंगने आपोआप मिटतो आणि बोट सुटताच वीज तुटते. ग्राइंडरला तळपट्टी नाही, त्याचा गार्ड अर्धा उघडा असतो, आणि अनेक ग्राइंडरांचे बटण एकदा पुढे सरकवले की हात सुटल्यावरही मोटर चालूच राहते. त्यात मोठे पाते बसावे म्हणून काही जण तो अर्धा गार्डही काढून टाकतात. पात्याच्या वेष्टनावर ‘ग्राइंडरसाठी’ असे छापलेले असते हे मला ठाऊक आहे. पण ते पाते विकणाऱ्याचे म्हणणे झाले. ग्राइंडरची सूचनापुस्तिका उघडून पाहा : दात्यांचे पाते लावल्यास यंत्र उसळते आणि ताबा सुटतो, असा इशारा त्यात सहसा असतो. शंका उरली तर उत्पादकाच्या सेवा केंद्रात विचारा, ओळखीच्यांना नव्हे.

प्रश्न : करवत चालवताना हातमोजे घालावेत का?

फिरत्या पात्याजवळ सैल हातमोजे नकोत; गॉगल, कानांचे संरक्षण आणि धुळीसाठी मास्क मात्र हवेतच.

प्रश्न : दोन महिन्यांपासून करवतीतून जळका वास येतो आणि काप काळा पडतो. एवढे काम उरकून मग दुरुस्तीला द्यावी का?

दोन महिने थांबायलाच नको होते. काप काळा पडणे हे बोथट किंवा डिंक बसलेल्या पात्याचे लक्षण आहे. प्लग काढून पाते उतरवा आणि धार लावणाऱ्याला दाखवा, कारण कार्बाइडचे (अतिशय कठीण मिश्रणाचे) दाते घरच्या कानशीने धार धरत नाहीत. वास मोटरमधून येत असेल तर कारण वेगळे असते. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरमुळे यंत्राला विजेचा पुरेसा दाब (व्होल्टेज) मिळत नाही आणि मोटर तापते, तर कधी मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले असतात. वायर योग्य जाडीची आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या आणि यंत्र उद्याच सेवा केंद्रात द्या. ते तपासून परत येईपर्यंत उरलेले काम तसेच राहू द्या.