डेथ ऐकायला सुरुवात कुठून करावी

अरे, डेथ हा डेथ मेटल बँड पहिल्याच अल्बमपासून ओळीने ऐकत बसू नकोस, तिथेच बरेच जण गळतात. १९८७ चा स्क्रीम ब्लडी गोर एकदम कच्चा आहे, रक्त-मढी-झॉम्बी सगळं, मला आवडतो पण नवख्याला तो नुसता गोंगाट वाटतो.

तू आधी १९९५ चा सिम्बॉलिक लाव. रिफ, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या धुना, गुणगुणता येतात चक्क! मग मागे १९९१ च्या ह्यूमनवर ये, बँड खरा वळला तो इथे, बँडचा गायक-गिटारिस्ट चक शुल्डिनरने सिनिक या दुसऱ्या बँडचे दोघं घेतले, शॉन रायनर्ट ड्रम्सवर नि पॉल मास्विडाल गिटारवर, आणि गाणी एकदम गुंतागुंतीची झाली. रायनर्टचे पाय, म्हणजे पायाने वाजवलेले ड्रम्स, ऐक फक्त.

नवीन लोकांच्या चुका दोनच:
- मोबाईलच्या स्पीकरवर ऐकणं. १९९३ च्या अल्बममधला स्टीव्ह डिजॉर्जिओचा फ्रेटलेस बास (मानेवर पट्ट्या नसलेली बास गिटार) त्यात पार गायब होतो, साधे का होईना हेडफोन घाल
- शब्द कळत नाहीत म्हणून सोडून देणं. लिरिक्स समोर ठेव, दोन-तीनदा ऐकलं की कान बसतो

१९९८ चा शेवटचा अल्बम सध्या राहू दे. त्यात चकचा आवाज बराच वरच्या पट्टीत गेलाय, मलाही पचायला महिना लागला होता. लाइनअप, रीमिक्स वगैरे नंतर बोलू.