आधी विष्ठा बघ, मग कवटी

तुला आपल्याकडच्या डायनोसॉरांच्या अभ्यासाची सुरुवात राजासॉरस या मांसाहारी डायनोसॉरच्या कवटीपासून करायची आहे, हे समजतं. पण माझं ऐक, विष्ठेपासून कर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शिवारात लॅमेटा थरातली, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या खडकातली, दगड झालेली विष्ठा मिळते. २००५ साली तिच्यात गवताचे सिलिकाकण, म्हणजे गवताच्या पेशींत तयार होणारे काचेसारखे कण, सापडले, तेही सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे. डायनोसॉरच्या काळात गवत होतं, याचा असा ठोस पुरावा तोवर हाती नव्हता! ही विष्ठा टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांची मानतात, कारण त्यांची हाडं त्याच थरात मिळतात. अंदाज भक्कम आहे, तरी अंदाजच. म्हणून वहीत डाव्या पानावर 'काय दिसलं' आणि उजव्या पानावर 'काय वाटलं' लिहीत जा.

गुजरातेतल्या ढोली डुंगरीचा खडक तर मला फार जवळचा. भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांनी १९८७ मध्ये अंड्यांजवळची हाडं डायनोसॉरच्या पिल्लाची म्हणून नोंदवली. पुढे २००१ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांना त्यातच सापाचे मणके दिसले. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू, आणि साप साडेतीन मीटरचा. त्याचा जबडा आजच्या अजगराइतका उघडत नसे, म्हणजे अख्खं अंडं गिळणं अवघडच. तो पिल्लांसाठीच घरट्यात आला असावा. २०१० साली त्याचं 'सनाजेह' असं नामकरण झालं.

म्हणून फोटो काढशील तेव्हा एकट्या हाडाचा काढू नकोस. आजूबाजूचा हातभर खडक त्यात आलाच पाहिजे. आणि शिवारात काही दिसलं तर उचलू नकोस, जागा टिपून जाणकारांना कळव.