ग्राफिक्स कार्ड बसवल्यानंतर संगणकाचा आवाज गेला. मदरबोर्ड बदलावा लागेल का?

आपण लिहिले आहे की अमळनेरच्या घरातील जुन्या संगणकावर अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ संपादित करता यावेत म्हणून आपण ग्राफिक्स कार्ड बसवून घेतले, चित्र उत्तम दिसू लागले, पण त्याच दिवसापासून स्पीकर मुके झाले. विंडोज १० वर खालच्या पट्टीतील स्पीकरच्या चिन्हावर लाल फुलीही नाही, आणि कार्ड बसवणाऱ्यांचे म्हणणे आहे की मदरबोर्डचा, म्हणजे संगणकातील मुख्य बोर्डाचा, आवाजाचा भाग जळाला असून बोर्डच बदलावा लागेल. कानबाईच्या रोटांच्या सणापूर्वी गाणी तयार व्हायला हवीत, ही आपली घाई मी समजू शकतो. तरीही माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे की पुढील तपासण्या होईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये. आपण दिलेल्या माहितीवरून मला तरी बोर्ड जळाल्याचे दिसत नाही. आवाज तयार होत असून तो मॉनिटरकडे जात असावा, असे वाटते.

यामागचे कारण आपल्याच प्रश्नात आहे. पूर्वी आपला मॉनिटर व्हीजीए केबलने जोडलेला होता आणि त्या केबलमधून केवळ चित्र जाते. नव्या कार्डाला व्हीजीएची जागा नसल्यामुळे आपण प्रथमच एचडीएमआय केबल लावली, आणि एचडीएमआयमधून चित्र व आवाज दोन्ही एकाच तारेने जातात. त्यासाठी ग्राफिक्स कार्डावर आवाजाचा स्वतंत्र भाग असतो. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजला चालवता यावे यासाठीचे सॉफ्टवेअर, भरताना त्याचाही ड्रायव्हर भरला जातो, आणि विंडोज अनेकदा या नव्याने आलेल्या उपकरणालाच मुख्य मानून सगळा आवाज तिकडे वळवते. आपल्या मॉनिटरला स्पीकर नाहीत हे खरे, परंतु अशा पुष्कळ मॉनिटरना मागे किंवा खाली हेडफोनचे छिद्र असते आणि त्यामुळे ते मॉनिटर स्वतःला आवाज घेता येतो असेच संगणकाला कळवतात. संगणकाच्या दृष्टीने सर्व सुरळीत असते, म्हणून लाल फुली दिसत नाही.

हे खरे की खोटे, ते एका मिनिटात ठरवता येते. मॉनिटरला हेडफोनचे छिद्र असेल, तर स्पीकरची हिरवी पिन संगणकाच्या मागून काढून तिथे लावावी आणि एखादे गाणे सुरू करावे. आवाज आला, तर प्रश्न सुटलाच. पिन पुन्हा संगणकाच्या मागच्या हिरव्या छिद्रात लावावी, खालच्या पट्टीतील स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करावे, आवाजाच्या पट्टीवर जे नाव दिसते त्याच्या शेजारील बाण दाबावा आणि यादीतून मॉनिटरच्या किंवा एनव्हिडिया अथवा एएमडी या ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या नावाऐवजी ‘स्पीकर्स’ आणि कंसात ‘रिअलटेक’ असे लिहिलेले उपकरण, म्हणजे मदरबोर्डचा स्वतःचा आवाजाचा भाग, निवडावे.

मॉनिटरला छिद्र नसेल किंवा तिथूनही आवाज आला नाही, तर कंट्रोल पॅनेलमधील ‘साउंड’ ही चौकट उघडावी. तिच्या ‘प्लेबॅक’ या भागात प्रत्येक उपकरणासमोर एक उभी पट्टी असते आणि आवाज ज्या उपकरणाकडे जात असेल, त्याची पट्टी गाणे वाजताना हिरवी होऊन खालीवर होते. माझ्या मते संपूर्ण तपासणीत या पट्टीइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही. ती मॉनिटरसमोर हलत असेल, तर रिअलटेकवर क्लिक करून ‘सेट डिफॉल्ट’ करावे. ती रिअलटेकसमोर हलत असूनही स्पीकर गप्प असतील, तर विंडोजने आपले काम केलेले आहे आणि दोष त्यापुढे, म्हणजे छिद्र, तार किंवा स्पीकर यांत शोधायला हवा. स्पीकर चांगले आहेत की नाहीत, हे मोबाइलला जोडून लगेच कळते.

यादीत रिअलटेक दिसतच नसेल, तर रिकाम्या जागी उजवे क्लिक करून बंद केलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडावा. तरीही नसेल, तर डिव्हाइस मॅनेजर या विंडोजच्या उपकरणांच्या यादीमध्ये पिवळे चिन्ह आहे का ते पाहून मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या त्याच मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घ्यावा. तिथेही काहीच नसेल, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वी उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ऑनबोर्ड ऑडिओ (बोर्डावरील आवाजाचा भाग) चालू आहे याची खात्री करावी.

आता थोडे अनुभवाचे सांगतो. मी जळगाव तालुक्यातील एका जिनिंगच्या कार्यालयात संगणकांची देखभाल करतो. हंगामात रुईचे बारीक तंतू पंख्यांत तर बसतातच, पण कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोनच्या छिद्रातही जातात. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका संगणकात आम्ही कार्ड बसवले आणि आवाज गेला. हिरवी पट्टी रिअलटेकसमोर व्यवस्थित हलत होती, स्पीकरही चांगले होते. मलाही दुकानातून बोर्ड बदलण्याचाच सल्ला मिळाला होता. शेवटी कॅबिनेट उघडले, तेव्हा पुढच्या छिद्रांकडे जाणारी तार नव्या कार्डाखाली दाबली जाऊन अर्धवट निघालेली दिसली. पुढे हेडफोन लावला आहे की नाही, हे बोर्डाला याच तारेतून कळते. ती चुकीच्या जागी टेकली, तर हेडफोन लावलेलाच आहे असा बोर्डाचा समज होतो आणि काही ड्रायव्हर अशा वेळी मागचा आवाज बंद करतात. तार नीट बसवली आणि आवाज परत आला. ज्या बोर्डाला आम्ही जळालेला समजत होतो, त्याच्यावर आजही हिशोबाचे काम चालते.

आपणही ही तार पाहावी, कारण बहुतेक बोर्डांवर तिची जागा अगदी खालच्या कोपऱ्यात, कार्डांच्या स्लॉटखाली असते आणि लांब कार्ड बसवताना तिला धक्का लागणे स्वाभाविक आहे. संगणक बंद करावा, भिंतीतील बटण बंद करून मागची वायर काढावी, काही सेकंद चालूचे बटण दाबून धरावे आणि आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागाला स्पर्श करावा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत, विशेषतः हिवाळ्यात, अंगावर साठलेली स्थिर वीज एखाद्या नाजूक भागाला निकामी करू शकते. तारेच्या टोकावर एचडी ऑडिओ असे लिहिलेले असते. बोर्डावर तिच्यासाठी पाच-पाच पिनांच्या दोन ओळी असून त्यांतील एक, म्हणजे आठवी पिन नसते, तर शेजारच्या यूएसबीच्या तशाच जागेत नववी नसते. साध्या शब्दांत सांगायचे तर ऑडिओच्या एका ओळीत शेवटून दुसरी जागा रिकामी असते आणि यूएसबीच्या ओळीत टोकाची. तार आपोआप बसत नसेल, तर जोर लावू नये; जागा चुकलेली आहे असे समजावे. तार पूर्ण काढून ठेवून मागच्या हिरव्या छिद्रातून आवाज येतो का, हेही पाहता येते, कारण मागची छिद्रे या तारेवर अवलंबून नसतात. पुढच्या छिद्रातील धूळ मात्र पिन किंवा सुई घालून काढू नये, ब्लोअरची हवा पुरते.

एवढे करूनही आवाज आला नाही, तर मदरबोर्डबद्दलचा निर्णय देण्यासाठी एक निर्णायक परीक्षा शिल्लक राहते. पेन ड्राइव्हवर उबंटू ही विंडोजसारखीच दुसरी कार्यप्रणाली घेऊन, ते डिस्कवर न भरता, ‘ट्राय’ हा पर्याय निवडून संगणक त्यावरून सुरू करावा आणि साउंडच्या सेटिंगमध्ये बोर्डाचे उपकरण निवडून चाचणीचा आवाज ऐकावा. तिथे आवाज आला, तर बोर्ड निर्दोष आहे आणि दोष विंडोज किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. तिथेही उपकरण दिसले नाही किंवा आवाज आला नाही, तर बोर्डावरील आवाजाचा भाग बिघडला असण्याची शक्यता मी मान्य करीन. परंतु तेव्हाही पूर्ण बोर्ड बदलण्याचे कारण नाही. यूएसबीला लावण्याचे छोटे साउंड कार्ड काहीशे रुपयांत मिळते आणि आपल्या कामासाठी ते पुरेसे आहे.

आवाज परत आल्यानंतर त्याच ‘प्लेबॅक’ यादीत मॉनिटरच्या नावावर उजवे क्लिक करून ते उपकरण ‘डिसेबल’ करावे. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर पुढे अद्ययावत कराल, तेव्हा ते पुन्हा सुरू होऊ शकते, म्हणून आवाज पुन्हा गेल्यास सर्वप्रथम हीच यादी उघडावी. शिवाय व्हिडिओ संपादनाची काही सॉफ्टवेअर आवाजाचे उपकरण स्वतंत्रपणे लक्षात ठेवतात; इतरत्र आवाज येत असून तिथेच येत नसेल, तर त्यांच्या ऑडिओच्या सेटिंगमध्येही रिअलटेक निवडावे लागेल.

आपण शेवटी विचारले आहे की या आठवड्यात घाईघाईने जोडून ठेवलेले व्हिडिओही मुके झाले असतील का. तसे झालेले नसावे. उपकरणाची निवड केवळ आपण काय ऐकता यावर परिणाम करते, फाइलमध्ये काय लिहिले जाते यावर नाही. एक व्हिडिओ मोबाइलवर घेऊन ऐकून पाहावा. गाण्यांचा आवाज त्यात जसाच्या तसा असायला हवा.