थर्माकोलचं खोकं फोडू नका
वाचकांचे प्रश्न

या वेळी एकाच वस्तूविषयी इतकी पत्रं आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत.

प्रश्न : ताई, माझ्या वडिलांचं इंजेक्शन दर महिन्याला कुरिअरनं येतं. थर्माकोलचं जाड खोकं, आत निळ्या जेलच्या पिशव्या. बाल्कनीत खोक्यांचा मनोरा झाला आहे. भंगारवाला हात लावत नाही आणि कचऱ्यात टाकवत नाही. तोडून काही करता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तोडू नका, एवढंच आधी सांगते. थर्माकोल म्हणजे वाफेनं फुगवलेले पॉलिस्टायरीनचे मणी. त्यात प्लास्टिक नावापुरतं, बाकी सगळी कोंडलेली हवा. ही कोंडलेली हवाच उष्णता अडवते. खोकं अख्खं आहे आणि झाकण घट्ट बसतंय तोवर ते कामाची वस्तू आहे. फोडलंत की हातात उरतो तो वाऱ्यानं उडणारा कचरा, आणि त्याला कोणी वाली नसतो. भंगारवाल्याचंही बरोबर आहे. तो वजनावर घेतो आणि वजनावर विकतो. तुमच्या मनोऱ्यानं त्याची हातगाडी भरेल, पण काट्यावर वजन भरणार नाही.

मग द्यायचं कोणाला? मी नाशिकला औषधाचं दुकान चालवत होते. इन्सुलिन न्यायला खेड्यावरून माणसं यायची, आणि भर एप्रिलमध्ये ती कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून एसटीत बसायची. घाऊक व्यापाऱ्याकडून आमच्याकडे आलेली खोकी आम्ही याच लोकांसाठी राखून ठेवत असू. त्यामुळे तुम्ही सर्वांत आधी जवळच्या मेडिकलमध्ये विचारा. लहान दुकानदाराला अशी खोकी हवी असतात. त्यानंतर मासळीबाजारात विचारा, घरी केक करून विकणाऱ्या बायकांना विचारा, फुलवाल्याला विचारा. जिथून इंजेक्शन येतं त्यांनाही फोन करून बघा, काही जण पुढच्या खेपेला खोकं परत घेतात.

देण्याआधी दोन गोष्टी करा. वरचं लेबल पूर्ण सोलून काढा, कारण त्यावर तुमच्या वडिलांचं नाव, पत्ता आणि औषधाचं नाव असतं. आणि खोकं साबणाच्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. रक्ता-लघवीचे नमुने नेलेलं, जैविक धोक्याची खूण असलेलं खोकं कुठून हाती आलं असेल, तर ते घरात वापरू नका आणि कोणाला देऊही नका.

जेलच्या पिशव्या फ्रीझरमध्ये ठेवा. पाय मुरगळला, दाढ सुजली तर टॉवेलात गुंडाळून शेकायला होतात. एखादी फुटली तर आतला गोळा मोरीत ओतू नका. तो पाणी धरून फुगतो आणि पाइप तुंबवतो. सरळ कागदात बांधून सुक्या कचऱ्यात टाका.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात वीज पाच-सहा तास जाते. आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. अशा वेळी थर्माकोलचं खोकं उपयोगी पडेल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : पडेल, पण बर्फ जपून. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवायचं असतं. उष्णतेला सगळे घाबरतात, गोठण्याकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखं दिसलं तरी कामातून गेलेलं असतं, ते वापरायचं नाही. म्हणून फ्रीझरमधली जेलची पिशवी कुपीला टेकू देऊ नका. पिशवी तळाशी, तिच्यावर जाड टॉवेलाची घडी, घडीवर डब्यात कुपी, असा क्रम ठेवा. फ्रिजमधलं तापमान मोजणारा साधा डिजिटल थर्मामीटर (ताप बघायचा नव्हे) आत ठेवून एकदा बिनऔषधाची तालीम करून पाहा, म्हणजे तुमच्या खोक्यात किती तास निभावतं ते समजेल. वीज दोनच तास गेली तर यातलं काही करू नका. फ्रिजचं दार बंद ठेवा, तो तेवढा वेळ थंडावा धरतो.

जी कुपी किंवा पेन सध्या चालू आहे ते बऱ्याच प्रकारांत खोलीच्या तापमानाला चार आठवडे चालतं, पण ‘खोलीचं तापमान’ म्हणजे 25 ते 30 अंशांच्या आत. बार्शीच्या मे महिन्यातली खोली त्यात बसत नाही. ते चालू पेन बर्फ न घालता खोक्यात ठेवा आणि खोकं घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, जमिनीवर, माठाशेजारी ठेवा. पाकिटातल्या कागदावर मुदत आणि तापमान छापलेलं असतं, तो कागद फेकू नका.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे दही लागत नाही. विरजण बदललं, भांडं बदललं. काय करावं?
– एक वाचक, निफाड

उत्तर : निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यात तुमच्या विरजणाचा दोष नाही. दह्याच्या जिवाणूंना चाळीस अंशांच्या आसपासची ऊब काही तास सलग मिळावी लागते आणि तुमच्या ओट्यावर ती तासाभरात संपते.

दूध करंगळीला सोसेल इतपत कोमट झालं की विरजण लावा. भांडं पंच्यात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, शेजारी गरम पाण्यानं भरलेली स्टीलची बाटली टॉवेलात गुंडाळून उभी करा, झाकण लावा आणि सकाळपर्यंत उघडून बघू नका. इडलीच्या पिठालाही हेच करा, फक्त ते फुगून वर येणार हे धरून मोठं पातेलं घ्या.

गॅसवरून उतरवलेलं पातेलं मात्र थेट खोक्यात ठेवू नका. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. तळाला पातेल्याच्या बुडाचा गोल खड्डा पडतो आणि मग झाकण कधीच नीट बसत नाही. तेलकट-तुपकट किंवा उघडा पदार्थही त्यात नको. संत्र्याची ताजी साल थर्माकोलच्या तुकड्यावर दुमडून पिळा. सालीतल्या तेलाचे शिंतोडे जिथे उडतील, तिथे डोळ्यांदेखत बारीक खळगे पडतात. जे सालीच्या तेलानं विरघळतं त्याला अन्न नुसतं टेकवायलाही माझा विरोध आहे. अन्न नेहमी झाकणाच्या डब्यात आणि डबा खोक्यात.

प्रश्न : गावठी कोंबडीची अंडी उबवायला थर्माकोलच्या खोक्याचं यंत्र करायचं आहे. गावात एकानं केलंय, पण त्याची निम्मी अंडी फुकट गेली. नेमकं काय सांभाळायचं?
– एक वाचक, पाटण

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. खोक्याला याहून चांगलं काम मला सुचत नाही. माझा मोठा दीर कराडजवळ कोंबड्या पाळतो आणि त्याचं यंत्र असंच आहे. मी तिथे बसून पाहिलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खोकं जाड भिंतींचं, मासळीचं किंवा औषधाचं घ्या. उष्णतेसाठी तारेचा जुना पिवळा बल्ब लागतो. एलईडी दिव्यात पुरेशी उष्णता नसते, पुष्कळांचं घोडं इथेच पेंड खातं. होल्डर चिनी मातीचा हवा. बल्ब आणि थर्माकोलची भिंत यांत वीतभर अंतर राहू द्या आणि बल्बाच्या मागे पत्र्याचा तुकडा लावा, कारण थर्माकोल पेट घेतो. वायरही भिंतीला चिकटून नेऊ नका. वायरीवरचं पीव्हीसीचं आवरण थर्माकोलला बराच काळ लागून राहिलं की त्यातला मऊपणा निघून जातो आणि ते कडक होऊन तडकतं. वायर बाहेर काढताना नळीतून काढा.

तापमान राखायला थर्मोस्टॅटची छोटी पट्टी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. सोबत 12 व्होल्टचा छोटा पंखा लावा, म्हणजे ऊब सगळीकडे सारखी फिरते. पंखा असेल तर 37.5 अंशांवर ठेवा. थर्मोस्टॅटच्या संवेदकाचं, म्हणजे सेन्सरचं, टोक अंड्यांच्या उंचीवर हवं. ते झाकणाला चिकटवलं तर वर ऊब आणि खाली गारठा, अशी गत होते. तुमच्या गावकऱ्याची अंडी कशानं गेली हे न बघता सांगता येणार नाही, पण मी असते तर पहिल्यांदा हे टोक पाहिलं असतं.

ओलाव्यासाठी पाण्याची वाटी ठेवा. पहिले अठरा दिवस 50 ते 55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के. दोन बाजूंना पेन्सिल जाईल एवढी भोकं ठेवा, आतल्या पिल्लांना हवा लागते. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. आकडा विषम असला की रात्रीच्या लांब वेळेला रोज दुसरी बाजू वर येते. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या उजेडावर अंडं धरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर ठेवा, अंडं स्वच्छ आरपार दिसलं तर काढा. अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद. मग झाकण उघडायचा मोह आवरायला हवा, एकदा उघडलं की ओलावा निघून जातो आणि पिल्लू कवचातच अडकतं. एकविसाव्या दिवशी चोचीचा टकटकाट ऐकू येतो.

वीज गेली तर झाकण न उघडता खोक्यावर गोधडी टाका, मात्र हवेची भोकं मोकळी राहू द्या.

प्रश्न : गच्चीवर खोक्यांत मेथी-कोथिंबीर लावली तर चालेल? आणि उरलेले तुकडे मोठ्या कुंड्यांच्या तळाशी भरू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पहिल्याला हो. नागपूरच्या उन्हात प्लास्टिकची कुंडी तापते आणि मुळं भाजतात, थर्माकोलमध्ये माती गार राहते. गच्चीवर वजनही पडत नाही. पाणी जायला भोकं तळाऐवजी बाजूंना, तळापासून दोन बोटं वर पाडा, म्हणजे खाली थोडं पाणी साठून राहतं. खोकं विटांवर ठेवा, नाहीतर मुंग्या थर्माकोल पोखरून घर करतात. उन्हानं ते पिवळं पडून भुरभुरतं, म्हणून बाहेरून पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्या. ऑइलपेंट नको, त्यातला थिनर थर्माकोल खातो. मणी सुटायला लागले की त्याचं बागकाम संपलं असं समजा.

दुसऱ्याला नाही. हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि मला तो अजिबात पटत नाही. मुळं त्या तुकड्यांत घुसतात, कुंडी बदलताना मणी मातीत मिसळतात आणि पहिल्या पावसात नाल्यात जातात. तिथून ते कोणालाही वेचता येत नाहीत. तळाला खापरीचा तुकडा ठेवा, तेवढा पुरतो.

प्रश्न : जमलेल्या खोक्यांतून गणपतीचं मखर करावं म्हणतो. जुनंच आहे, विकत घेतलेलं नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : करू नका. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. त्या वर्षी सजावटवाल्यांनी उच्च न्यायालयाकडे सवलत मागितली होती, ती मिळाली नाही. 1 जुलै 2022 पासून केंद्राच्या नियमातही सजावटीचं थर्माकोल बंद आहे. खोकं घरातलं आहे म्हणून त्याचं मखर वेगळं ठरत नाही. आणि मखरासाठी तुम्ही ते कापणार, म्हणजे दहा दिवसांनी पुन्हा तुकडेच उरणार. पुठ्ठा, बांबू, जुन्या साड्या घ्या. खोकी मात्र अख्खी ठेवा, विसर्जनाला जाताना प्रसादाचं दही आणि थंड पाण्याच्या बाटल्या त्यातून न्या.

प्रश्न : पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळवून गळणाऱ्या पत्र्याला लावायचा डिंक करतात, ते खरं का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : विरघळतं हे खरं. पण ते घरात पेट्रोलचं भांडं उघडं ठेवून करायचं असतं, आणि त्याची वाफ शेजारच्या शेगडीपर्यंत जाते. नका करू. पत्र्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात तयार लांबी (पुट्टी) मिळते. तुकडे जाळूही नका, काळा चिकट धूर होतो आणि तो छातीत जातो. तुटलेले तुकडे पोत्यात भरून तोंड बांधा आणि सुक्या कचऱ्याच्या गाडीत स्वतः हातानं द्या, उघडे ठेवू नका.